एका हाकेला दोघी

॥ श्री ॥

टिळकवाडी, बेळगाव
१२ फेब्रुवारी २०२४

चि. राघवेंद्र यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. रविवारी फोनवर तू आवाज चढवलास, मग मी चढवला, आणि शेवटी फोन कोणी आपटला ते अजून ठरायचं आहे. आपल्या दोघांचं फोनवर सुरुवातीला 'जेवलास का' असतं आणि लगेच पुढे भांडण. पत्रात मधेच तोडता येत नाही. शिवाय तुझं शुद्धलेखन कितपत शिल्लक आहे तेही कळेल.

आप्पांना जाऊन दोन महिने झाले. त्यांचा कागद तूही वाचला आहेस, तरी इथे उतरवते, म्हणजे आपण एकाच वाक्यावर भांडतोय याची खात्री राहील. 'निपाणीचे राहते घर आक्काचे. तिने कशासाठी कुणाला विचारू नये. बाकी जे काही असेल ते मुलांनी समान वाटून घ्यावे.' खाली सही, आणि दोन साक्षीदार. त्यातले वखारीतले दिवाणजी वारले. दुसरे आपल्या शेजारचे बसगोंडा काका, ते आता चिकोडीला मुलाकडे असतात.

मी अबोलीला कागद दाखवला. माझी शाळेतली विद्यार्थिनी, आता इथल्या कोर्टात वकिली करते. तिचं म्हणणं, मृत्युपत्र साध्या कागदावर असलं आणि नोंदवलेलं नसलं तरी चालतं. सही खरी हवी आणि दोघांनी ती होताना पाहिलेली हवी. घर आप्पांनी वखारीच्या पगारातून स्वतः घेतलेलं, वडिलोपार्जित नाही, तेव्हा ते कुणालाही द्यायचा त्यांना हक्क होता. आणि त्यांनी ते आक्काला, म्हणजे मला दिलं.

राघू, मी हावरट नाही. पण तुझे भावोजी गेल्यापासून मी या भाड्याच्या घरात आहे आणि मालक दिवाळीनंतर इमारत पाडून नवी बांधणार आहेत. आप्पांना हे माहीत होतं. 'कुणाला विचारू नये' म्हणजे धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघायची वेळ माझ्यावर येऊ नये, असंच त्यांच्या मनात असणार. मी निपाणीला आत्तीबरोबर राहीन. ती नव्वदीची झाली, आप्पांमागे त्या घरात एकटीच आहे, तिलाही सोबत होईल. यात तुला डाचतंय काय, ते सावकाश लिही.

माधवीला आणि तेजस्वीला आशीर्वाद. रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

कोथरूड, पुणे
२५ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोन तूच आपटलास. हे पहिलं. दुसरं, पत्र माधवीने आधी वाचलं आणि शुद्धलेखनाच्या ओळीवर इतकी हसली की तेजस्वीला मोठ्यांदा वाचून दाखवलं. या घरात माझी काय किंमत आहे ते तुला आता कळलं असेल.

डाचतंय ते सांगतो. तुला घराची गरज आहे हे मला मान्य आहे. पण आप्पांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही, सांगितलं नाही. कागद वाचताना बाहेरच्या माणसासारखं वाटलं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी महिन्यातून दोनदा येत होतो, ते काय घरासाठी नव्हतं. पण निदान घरात माझं नाव असावं एवढं तरी वाटणारच ना.

आमच्या ऑफिसात मुंबईचे एक जण आहेत. त्यांच्या वडिलांचं मृत्युपत्र प्रोबेटसाठी दोन वर्षं कोर्टात आहे. मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का मिळेपर्यंत घराला हात लावता येत नाही म्हणे. आपलंही तसंच होणार असेल तर मला धास्ती वाटते. त्यात आप्पांनी नाव कुठे लिहिलंय? आक्का! हे काय नाव झालं? मी तुला आक्का म्हणतो म्हणून तेही तुला आक्का म्हणायचे, ते खरं. पण आत्ती त्यांची थोरली बहीण, तिलाही ते आक्काच म्हणायचे. उद्या कुणी उभं राहून म्हणालं की घर आत्तीला दिलंय, तर काय उत्तर देणार? मी तसं म्हणत नाही. पण शब्द पक्का नाही एवढं खरं.

माझं म्हणणं, तो कागद बाजूला ठेवू. आपण दोघं वारस, दोघांची नावं लावू, अर्धं तुझं अर्धं माझं. तू खुशाल राहा. आत्तीही राहील, तिला कोण बाहेर काढतंय?

तब्येतीला जप. भांडण आहे तोवर पत्रं येतील, म्हणून लगेच मिटवू नकोस.

तुझा,
राघू

॥ श्री ॥

टिळकवाडी, बेळगाव
१८ मार्च २०२४

चि. राघवेंद्र यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शुद्धलेखन बरं आहे, वकिली मात्र तुला शोभत नाही. आत्तीचं नाव पुढे करून माझा पाय ओढतोस होय? मी सरळ अबोलीकडे गेले आणि तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं.

प्रोबेटची भीती सोड. घर मुंबईत असतं तर ती पायरी चुकली नसती, आपल्या भागात तशी सक्ती नाही. वारसांचं एकमत असेल तर मृत्युपत्र, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आणि आपल्या दोघांची लेखी संमती घेऊन उताऱ्यावर नाव चढवता येतं. भांडलो तर मात्र कोर्ट आहेच, आणि मग आप्पा कुणाला काय हाक मारायचे यावर अनोळखी माणसांपुढे उलटतपासणी होईल. 'आक्का' या शब्दाखाली अबोलीने पेन्सिलीने रेघ ओढली. मग म्हणाली, बाई, शब्द खरंच पक्का नाही. कोर्टाला काहीच ठरवता आलं नाही तर घराबद्दलचं ते वाक्य बाद होईल, आणि घर तुम्हा दोघा मुलांत जाईल. मी विचारलं, आणि आत्तीला? तर म्हणाली, मुलं असताना बहिणीला काही नाही. कायद्याच्या रांगेत ती तुमच्या मागे उभी आहे.

मग साक्षीदाराला तरी विचारावं म्हणून चिकोडीला गेले. बसगोंडा काकांनी ओळखलं, सुनेला ताक आणायला सांगितलं आणि गुडघ्याची कथा सुरू केली. कागदाचं विचारल्यावर म्हणाले, व्हय, मी सही केली, हरिभाऊनं माझ्यासमोर केली, दिवाणजीनं केली. आणि आत काय लिहिलं होतं? तर मला काय ठाऊक गं, मी कन्नड शाळेत शिकलो, मराठी मला वाचायला येत न्हाय. अबोली म्हणते, साक्षीदाराने सही पाहिली म्हणजे झालं, मजकूर त्याला माहीत असायची गरज नाही. कायदा खूश, मी जिथल्या तिथे.

येताना वाट वाकडी करून निपाणीला उतरले. आत्तीला सगळं नीट सांगितलं, आक्का म्हणजे कोण ते तिलाच विचारलं. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, तू गं, आणि कोण? म्हाताऱ्या बहिणीला कोण घर देतंय. म्हटलं, झालं, राघूला हेच उत्तर कळवते.

पण एक गोष्ट मनात राहिली. उन्हातून आले होते, घसा कोरडा पडला होता. आत्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मला विचारलं, चहा ठेवू का? मला वाटलं, मी घेणार का असं विचारतेय. हो म्हटलं. तर म्हणाली, तसं न्हाय, आता तुझं घर, म्हणून विचारलं. आई गेल्यापासून जिने ती चूल सांभाळली, तिने मला विचारलं. जास्वंदीची फांदी छाटू का, तेही विचारलं. मी रागावलेच तिच्यावर, असलं काही विचारायचं नाही म्हणून. तिने मान हलवली आणि मी निघताना पुन्हा विचारलं, दाराला कडी आतून लावत जाऊ ना?

तुझ्या अर्ध्या-अर्ध्यावर मी विचार करतेय. उत्तर लिही, आणि या खेपेला स्वतःच्या डोक्याने लिही.

आशीर्वाद आहेतच, भांडणातले आणि भांडणाबाहेरचे.

आक्का

॥ श्री ॥

कोथरूड, पुणे
७ एप्रिल २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. माधवी म्हणाली, लिहायचं नसेल तर नको लिहूस, पण मग आक्कांच्या नजरेला नजर देता येणार नाही.

तुला आठवतं, आप्पा वखारीतून आले की पायरीवर उभं राहून उपरण्याने अंगावरची तंबाखूची धूळ झाडायचे, आणि आत यायच्या आधी हाक मारायचे. 'आक्का, मी आलो गं.' तू अभ्यास टाकून पाण्याचा तांब्या घेऊन धावायचीस. मला तुझा हेवा वाटायचा. माझ्या नावाने त्यांनी कधी अशी हाक मारली नाही.

तुझं लग्न झालं तेव्हा मी चौथीत होतो. तुला बेळगावला पोचवून आप्पा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. मी पायरीवरच बसलो होतो. त्यांनी उपरणं झाडलं आणि नेहमीसारखी हाक मारली. 'आक्का, मी आलो गं.' मला भडभडून आलं. वाटलं, तू गेलीस हे आप्पा विसरले. आता आत पाण्याचा तांब्या घेऊन कुणी येणार नाही, आणि मग त्यांना आठवेल, आणि ते रडतील. मी कान झाकून घेतले.

पण आतून ओ आली. आत्ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आप्पा पाणी प्यायले. मी का रडतोय ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यानंतर मी शिकायला बाहेर पडेपर्यंत रोज संध्याकाळी तीच हाक होती आणि तीच ओ. मी सुट्टीत यायचो तेव्हाही होती. तू माहेरी यायचीस तेव्हा तुम्ही दोघी एकदम ओ द्यायचात आणि आप्पा हसायचे, म्हणून तुला कधी शंका आली नसावी.

मागच्या पत्रात मी आत्तीचं नाव घेतलं ते तुला अडवायला घेतलं होतं. मला वाटलं मी नुसतं कायद्यावर बोट ठेवतोय. तुझं पत्र आलं, त्यातली ती चहाची गोष्ट वाचली, आणि ही संध्याकाळ डोळ्यापुढे आली. ते तुला पद्दी म्हणायचे. फक्त माझ्यादेखत आक्का म्हणायचे, मी तुला एकेरी नावाने हाक मारू नये म्हणून.

मला घर नको, असं मी म्हणत नाही. हवं आहे. पण आप्पांनी ते कुणाला दिलं, हे मला आता माहीत आहे. तुला लिहिताना बरं वाटत नाही, कारण मी तुझं घर काढून घेतोय असं नाही, दुसरंच काहीतरी काढून घेतोय.

रागाव, पण बोलायचं थांबू नकोस.

राघू

॥ श्री ॥

टिळकवाडी, बेळगाव
१९ मे २०२४

चि. राघू,
अनेक आशीर्वाद.

एवढे दिवस उत्तर दिलं नाही. तुझे फोन आले ते दिसले.

खरं सांगते, पहिल्यांदा तुझाच राग आला. घर गेलं तर गेलं, भाड्याने कुठेही खोली मिळते. पण ती हाक माझी होती रे. आई गेल्यावर त्या घरात माझं म्हणून तेवढंच होतं. मी तांब्या घेऊन धावायचे तेव्हा मला वाटायचं, आप्पांचं या घरात माझ्यावाचून अडतं. आणि तू एका पानात सांगितलंस की मी दुसऱ्याच्या हाकेला ओ देत होते. दोन दिवस मी जेवले नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई, आणि बापाच्या हाकेसाठी रडत बसले. हसायचं असेल तर हस.

मग एके दिवशी तो कागद पुन्हा काढला. 'तिने कशासाठी कुणाला विचारू नये.' राघू, मी कधी कुणाला काही विचारलं आहे का? शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं नाही, तुझ्या भावोजींना विचारलं नाही, तुला तर नाहीच. आप्पा त्यावरूनच मला बोलायचे. माझ्यासाठी असलं वाक्य लिहायची त्यांना गरजच नव्हती.

त्या घरात विचारणारी एकच होती. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि भावाकडे आली, तेव्हापासून विचारतेच आहे. भाजीला काय चिरू, पाहुण्यांना काय करू, गळतग्याला सासरच्या गावी जत्रेला जाऊन येऊ का. आपल्याला वाटायचं तिचा स्वभाव आहे. आप्पांना रोज ऐकून ते टोचत असणार. तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून कागदावर लिहिलं. नुसतं नाव घालायला विसरले, कारण त्यांच्या लेखी आक्का एकच होती.

मी अबोलीला सांगितलं आहे. आपण दोघांनी मिळून लिहून द्यायचं की आक्का म्हणजे राजाबाई गोविंद गळतगेकर, मयताची थोरली बहीण, आणि आमची काही हरकत नाही. तू सही करशील ना? विचारतेय. बघ, मीसुद्धा विचारायला लागले.

तब्येत बरी आहे. तुझ्यावरचा राग उतरला, हे मुद्दाम कळवते.

पद्दी

॥ श्री ॥

कोथरूड, पुणे
२ जून २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सही करायला मी स्वतः येतोय, शनिवारी पोचतो. कागद पोस्टाने पाठवू नकोस. आणि पत्राखाली पद्दी लिहू नकोस, मला आक्काच पाहिजे. आप्पा कुणाला काय म्हणायचे ते त्यांच्यापाशी, मी तुला काय म्हणतो ते माझ्यापाशी.

इकडे एक गंमत. तुझी पत्रं वाचून माधवीने मला गेल्या रविवारी टेबलाशी बसवलं आणि आमचं दोघांचं मृत्युपत्र करायला घेतलं. मी म्हटलं, अजून वय काय आहे माझं. तर म्हणाली, आप्पांचं सत्त्याऐंशी होतं, तरी नाव लिहायला राहिलंच. मी पहिल्या ओळीत लिहिलं, 'माझ्या पश्चात सर्व बबूला.' माधवीने कागद ओढून घेतला. या घरात बबू दोन आहेत, एक तेजस्वी आणि दुसरं मांजर. तेव्हा आता सगळ्यांची शाळेच्या दाखल्यावरची पूर्ण नावं, नातं आणि जन्मतारीख लिहिली आहे. साक्षीला शेजारचे दोघं घेणार आहोत, ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे. कागद कुठे ठेवलाय ते तेजस्वीला सांगितलं, ती म्हणाली असलं बोलू नका. पण जागा लक्षात ठेवली.

आत्तीला अजून काही बोलू नकोस. मी आल्यावर दोघं मिळून सांगू. तोवर माया राखून ठेव, शनिवारी घ्यायला येतो.

राघू

॥ श्री ॥

निपाणी
२० ऑक्टोबर २०२४

चि. राघवेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्त्यावरून कळलं असेलच, मी इथे आले. बेळगावचं घर सोडलं. आत्तीला रीतसर विचारलं, मला तुझ्या घरात ठेवून घेशील का? ती गोंधळली, मग पदर सावरून म्हणाली, बघते. बघते म्हणाली बरं का! मला दोन तास टांगणीला लावून मग म्हणाली की पुढची खोली घे, पण माझ्या जास्वंदीला हात लावायचा न्हाय. जूनमध्ये आपण सांगितल्यावर ती किती घाबरली होती आठवतं ना? घर नको, काढून टाका माझं नाव, म्हणत होती. उताऱ्यावर तिचं नाव चढल्यावर ती छापील प्रत तिने देवापुढे ठेवली, आणि चार दिवसांनी न विचारता जास्वंदीची फांदी छाटली. अगदी बोडकी केली.

आता मुख्य बातमी. गेल्या आठवड्यात तिने स्वतःहून अबोलीला बोलावून घेतलं. म्हणाली, हरीनं जी चूक केली ती मी करणार न्हाय. वय झालेलं, म्हणून डॉक्टरांचा दाखला घेतला की बाईंना सगळं समजतं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला तर तिने त्यांनाच उलट विचारलं, तुमाला ठाऊक न्हाय का? मग आम्ही सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो, नोंदवूनच टाकूया म्हणून. घर तिने आपल्या दोघांना दिलं आहे, निम्मं निम्मं. म्हणजे तू फेब्रुवारीत जे मागत होतास तेच शेवटी झालं. मी ते तिला म्हटलंदेखील. तर म्हणाली, तवा तुमी घेणार होता, आता मी देतेय. देणारी असते ती वेगळी गं. हे सांगताना ती खुर्चीत अशी ताठ बसली होती, मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

कागद कन्नडात टाइप झाला होता, अबोलीने तो तिला मराठीत वाचून दाखवला. राघवेंद्र हरिभाऊ सदलगेकर, भाचा. पद्मजा, माहेरची सदलगेकर, भाची. सगळं बिनचूक, पूर्ण नावं, वय, पत्ता. अबोलीने विचारलं, अंगठा लावायचा का? तर म्हणाली, थांब, एक राहिलं. पद्मजाच्या पुढं 'ऊर्फ आक्का' लिव. अबोलीने समजावलं की त्याच शब्दामुळे एवढं झालं, आता कशाला पुन्हा? आत्ती ऐकेना. कारकून म्हणाला पान पुन्हा टाइप करावं लागेल, मागे रांग आहे. तरी ऐकेना.

मग माझ्याकडे न बघता अबोलीला म्हणाली, हरी उंबऱ्यातनं हाक मारायचा तवा मी चुलीपाशी असायची. मला ऐकू यायचं. मी मुद्दाम उठायची न्हाय. ही पोर तांब्या घेऊन पळायची, तिला आई नव्हती. म्हटलं, ती हाक हिलाच असू दे. हिचं लगीन झाल्यावर मग मी उठायला लागली.

मी तिथे रडले, रांगेतल्या सगळ्यांसमोर. पान पुन्हा टाइप झालं.

दिवाळीला माधवीला आणि तेजस्वीला घेऊन ये. आलास की पायरीवरूनच हाक मार, दोघींपैकी जिला आधी ऐकू येईल ती पाणी आणेल.

दोघींच्या मायेतली तुझी,
पद्मजा ऊर्फ आक्का